कोण कोणाजवळ उभं राहतं

गावंडे काकांनी मला पहिल्याच दिवशी नापास केलं. तोंडावर काही बोलले नाहीत. वऱ्हाडी माणूस फटकळ असतो अशी त्याची ख्याती आहे, पण काकांनी त्या ख्यातीला कधी हातभार लावला नाही.

मी पशुवैद्यकीची पदवी, नवाकोरा स्टेथोस्कोप आणि अमरावतीच्या आईबापांचे आशीर्वाद घेऊन पिंपळशेंड्याच्या जनावरांच्या दवाखान्यात रुजू झाले होते. मूर्तिजापूरपासून चौदा किलोमीटर. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, पुढे जनावर अडकवायचा लोखंडी खोडा, एक कडुनिंब आणि नामदेवराव गावंडे. काकांचं सरकारी पद पट्टीबंधक. जनावराचे पाय धरायचे, सुया उकळायच्या, जखमेवर पट्टी बांधायची, यापलीकडे सरकारची त्यांच्याकडून काही अपेक्षा नव्हती.

त्या दिवशी एक शेतकरी दूध आटलेली गाय घेऊन आला. मी ताप पाहिला, डोळे पाहिले, कास चाचपली, पोटाला कान लावला आणि रुबाबात कॅल्शियमची बाटली लावली. काका गाईचं शिंग धरून उभे होते. बाटली संपत आली तेव्हा त्यांनी मालकाला हळूच विचारलं, की हिचा खुटा बदलला काय? मालक म्हणाला, हो, सिमेंटचा नवा गोठा बांधला, दुभत्या गाई तिकडे नेल्या, भाकड म्हातारी जुन्या कोठ्यात ठेवली. ही गाय आधी कोणाजवळ बांधलेली असायची? म्हातारीजवळ. काकांनी मान हलवली आणि सांगितलं की म्हातारीलाही नव्या गोठ्यात आणा आणि दोघींना शेजारी बांधा.

मला मनातल्या मनात हसू आलं. चार दिवसांनी मालक सांगत आला की गाय पुन्हा पहिल्यासारखी दूध देऊन राहिली. मी काकांकडे पाहून म्हटलं, बघा, कॅल्शियम लागू पडलं.

"कॅल्शियमनं बी आलं असन," काका म्हणाले आणि सुया उकळायला आत गेले.

त्यांच्या त्या वाक्यातला 'बी' मला पुढे पंधरा दिवस टोचत होता.

काका उंच, सडसडीत, आणि हात इतके लांब की शर्टाच्या बाह्या नेहमी मनगटाच्या वर चार बोटं थांबायच्या. खांद्यावर दुपट्टा, खिशात लाल आणि निळा असे दोन पेन. सकाळी साडेसहाला ते चहाचा पेला हातात घेऊन आखरावर उभे असत. आखर म्हणजे गावाच्या कडेची मोकळी जागा. गावातली सगळी ढोरं सकाळी तिथं गोळा होतात आणि तिथून गायकी त्यांना चारायला नेतो. मला आधी वाटलं, म्हातारा माणूस, हवा खायला जात असेल. एकदा विचारलं तर म्हणाले, "कोन कोनाजोळ उभं रायते ते पायतो, मॅडम."

हेच त्यांचं शास्त्र. कळपातली कोणती गाय कोणाच्या अंगाला अंग लावून उभी राहते, कोण कोणाची मान चाटते, कोण आल्यावर कोण बाजूला सरकते, पाण्यावर पहिलं तोंड कोणाचं, हे सगळं त्यांना पाठ होतं. एखादी गाय आपल्या मैत्रिणीपासून दहा पावलं लांब उभी दिसली की ते दवाखान्यात येऊन त्या गाईच्या मालकाचं नाव कागदावर लिहून माझ्या टेबलावर ठेवायचे. दुसऱ्या दिवशी तो मालक हटकून यायचा आणि गाईला ताप असायचा. मी म्हणायची, काका, तुम्हाला आधीच कसं कळतं? ते म्हणायचे, ताप उद्या येते, कळपातून ते आजच निंगाली. आम्हाला कॉलेजात पाच वर्षांत जनावराच्या दोनशे हाडांची नावं पाठ करायला लावली होती. जनावराला मैत्रीण असते हे कोणी सांगितलं नव्हतं.

दवाखान्याच्या नोंदवहीत त्यांनी लाल पेनानं एक जास्तीचा रकाना आखून घेतला होता. त्यावर लिहिलं होतं, 'सोबत'. जनावराचं वय, वजन, तक्रार आणि मग सोबत. त्यात 'पाटलांची काळी म्हैस', 'शेजारची शेळी', एका ठिकाणी तर 'मालकाचा सासरा' असंही लिहिलेलं होतं. अकोल्याहून तपासणीला साहेब आले तेव्हा त्यांनी त्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, हे काय आहे? मी घाबरले. काका शांतपणे म्हणाले की साहेब, माणसाच्या दवाखान्यात पेशंटसोबत कोण आलं ते लिहितात, तसंच आहे. साहेबांना ते पटलं की त्यांना जेवायला उशीर होत होता, मला माहीत नाही. त्यांनी सही केली.

माणसांनाही ते याच नजरेनं पाहायचे. लग्नाच्या पंगतीतून येऊन कोणत्या घरात काय शिजतंय ते बरोबर सांगायचे, आणि त्यासाठी त्यांनी कोणाशी एक शब्दही बोललेला नसायचा. एकदा ते मला म्हणाले, मॅडम, अकोल्याच्या मीटिंगमध्ये तुम्ही कोणाजवळ उभ्या राहता? मी म्हटलं, कोणाजवळ नाही, पाण्याच्या कॅनजवळ. पुढच्या मीटिंगच्या दिवशी त्यांनी मला डबाभर बोरं दिली, मीठ-तिखट लावलेली, आणि सांगितलं की एकटीनं खाऊ नका. त्या बोरांमुळे मला नोकरीतल्या ज्या दोन मैत्रिणी मिळाल्या, त्या आजही आहेत. मी काकांचे उपकार मोजायला बसले तर औषधांच्या आधी ती बोरं लिहावी लागतील.

आणि असा हा माणूस, ज्याला गावातल्या कोणत्या कोंबडीचं कोणत्या कोंबडीशी पटत नाही हे माहीत, तो आपल्या सख्ख्या धाकट्या भावाशी सोळा वर्षं बोलला नव्हता.

पुंडलिकराव त्याच गावात, त्याच गल्लीत, मधे फक्त तीन घरं सोडून राहायचे. दोघांच्या वावरांना धुरा, म्हणजे बांध, एकच. पुंडलिकरावांचं जनावर आजारी पडलं तर ते आमच्या दवाखान्यावरून टेम्पोत घालून मूर्तिजापूरला न्यायचे. टेम्पो गेला की काका हातातलं काम थांबवायचे. एकदाच बोलले, "टेम्पोत गवत टाकत नाही थो. ढोराचे पाय घसरते." सकाळी आखरावर ते सगळ्यात आधी पुंडलिकरावांची ढोरं शोधतात हे मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. गावाला तर ते सोळा वर्षांपासून माहीत होतं. भावानं बोलावं ही त्या माणसाची आयुष्यातली एकच इच्छा उरली होती, आणि ती ज्याला माहीत नाही असा पिंपळशेंड्यात एकच माणूस होता, तो म्हणजे पुंडलिकराव.

मी एकदा धीर करून विचारलं, की काका, तुम्हीच का बोलत नाही? ते पट्टी गुंडाळत होते.

"मोठा मीच हाये, मॅडम. पयलं मीच बोलाले पायजे. पन त्याचं नाव तोंडावर आलं का घसा बंद होते."

भांडण कशावरून झालं ते सांगण्याआधी शेळ्यांची गोष्ट सांगते, कारण शेळ्यांपायीच ते मला कळलं.

गावातल्या बायकांच्या बचत गटाला एका योजनेत दहा शेळ्या मिळाल्या. वाटपाचं काम माझ्याकडे. दहा शेळ्या, दहा बाया, प्रत्येकीला तीच धष्टपुष्ट शेळी हवी. मी तोडगा काढला, ईश्वरचिठ्ठी. शेळ्यांच्या कानातल्या बिल्ल्यांचे नंबर चिठ्ठ्यांवर लिहिले आणि दहा चिठ्ठ्या पातेल्यात टाकल्या. न्याय म्हणजे न्याय. एक शेळी हाडकुळी, एका कानाची, तोंड वाकडं करून बघणारी होती, ती रेखाबाईंच्या वाट्याला आली. त्या हिरमुसल्या. काका म्हणाले, मॅडम, थांबा जरा, या शेळ्या एकाच कळपातल्या आहेत, आधी पाहू द्या. मी म्हटलं, काका, इथं पाहण्यासारखं काही नाही, चिठ्ठी निघाली.

दुसऱ्या दिवशीपासून गावात दहा दिशांनी जे बें-बें सुरू झालं ते थांबेना. शेळ्या पाल्याला तोंड लावेनात. एक दावं तोडून पळाली, दोघी हगवणीनं बसल्या. तिसऱ्या दिवशी दहाही बाया दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसल्या आणि बाई, तुमच्या ईश्वराचं काही खरं नाही, असं मला स्पष्ट सांगण्यात आलं.

काकांनी सगळ्या शेळ्या आखरावर आणायला लावल्या आणि सोडून दिल्या. बायांना कडुनिंबाखाली गप्प बसवलं, जे काम मला आजवर जमलेलं नाही. शेळ्या आधी इकडेतिकडे धावल्या, मग एकेक करून एकत्र येऊ लागल्या. अर्ध्या तासात चित्र स्पष्ट झालं. दोन बहिणी एकमेकींच्या पाठीवर मान टाकून उभ्या. एक आई आणि तिची वर्षाची पाठ, म्हणजे तरणी लेक. तिघींचा एक घोळका. आणि सगळ्यांच्या मधोमध ती एका कानाची हाडकुळी. ती वळली की सगळ्या वळत होत्या. ती बसली, सगळ्या बसल्या.

काकांनी लाल पेनानं नवी वाटणी लिहिली. बहिणी शेजारच्या दोन घरांत, आई आणि पाठ वेगळ्या चुलींच्या सासू-सुनेकडे. बाया कुरकुरल्या, कारण काहींची धष्टपुष्ट शेळी जात होती. काका म्हणाले की रेखाबाईची शेळी ही म्होरकी आहे. ज्या घरी म्होरकी, त्या घराच्या अंगणात संध्याकाळी बाकीच्या नऊच्या नऊ येऊन उभ्या राहणार. हे ऐकल्यावर त्या एका कानाच्या शेळीला अचानक नऊ मालकिणी निर्माण झाल्या. रेखाबाईंनी तिच्या गळ्याला मिठी मारली ती सोडली नाही. चार दिवसांत हगवण थांबली. यावेळी मी कॅल्शियमचं नाव काढलं नाही.

संध्याकाळी मी काकांची माफी मागितली. म्हटलं, सगळ्यांना एकेक देणं हाच न्याय, असं मला वाटलं. काका हसले नाहीत. पायरीवर बसले आणि म्हणाले की मॅडम, अशी वाटणी मी पण केली आहे, आणि मला तर ढोरं कळत होती.

मग त्यांनी सांगितलं. वडील गेल्यावर पंच बसले. वावर अर्धं, धान्य अर्धं, भांडी अर्धी. राहिली बैलजोडी. चांद्या आणि मोऱ्या, एका वर्षात जन्मलेले, एकाच जुवाखाली वाढलेले. पंच म्हणाले, एकेक घ्या. दोघा भावांना माहीत होतं की हे चूक आहे. दोघेही गप्प बसले.

"मले वाटलं, थो म्हनन, दादा, जोडी तूच ठेव. त्याले वाटलं मी म्हनन, घेऊन जाय बापू, जोडी तुलेच देल्ली. दोघंबी वाट पायत बसलो. पंच उठून गेले."

त्या दिवशी दोघं एकेक बैल घेऊन घरी गेले ते बोलणं तिथंच ठेवून. चांद्या दुसऱ्या कोणत्याही बैलासोबत चालेना. मोऱ्या उभ्या वावरात बसून जायचा. पेरणी दोघांचीही बिघडली, आणि दोघांनाही वाटलं की दुसऱ्यानं मुद्दाम आपल्याला आडमुठा बैल दिला.

मग पोळा आला. हा भाग काका कधी सांगत नसत, गाव सांगायचं, आणि दरवेळी नव्या उत्साहानं. दोघांनीही पाहुण्यांचा एकेक बैल मागून आणून जोडी लावली. आखरावर तोरण बांधलेलं, डफडं वाजतंय, शिंगं रंगवलेल्या जोड्या ओळीनं उभ्या. काका एका टोकाला, पुंडलिकराव अगदी दुसऱ्या टोकाला. चांद्यानं मान वर केली, हवा हुंगली आणि हंबरला. तिकडून मोऱ्यानं उत्तर दिलं. पुढचं कोणाच्या हातात राहिलं नाही. दोन्ही बैल झुलीसकट सुटले. काका कासऱ्याला लटकून या बाजूनं, पुंडलिकराव वेसण धरून त्या बाजूनं, दोघांच्या टोप्या मागे राहिलेल्या. तोरणाखाली बैल भेटले आणि एकमेकांच्या माना चाटू लागले. त्यांच्यामागे दोन हातांवर दोघं भाऊ, धापा टाकत, एक पूर्वेला बघतोय आणि एक पश्चिमेला. डफडंवाल्यालाच हसू आवरेना, म्हणून डफडं थांबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघंही आपापला बैल घेऊन धुऱ्यावरच्या बाभळीपाशी आले. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. तेव्हापासून आठ दिवस जोडी याच्या वावरात, आठ दिवस त्याच्या. एकानं बाभळीला बांधून निघून जायचं, दुसऱ्यानं येऊन सोडायचं. अकरा वर्षं बैल सोबत राहिले आणि अकरा वर्षं भाऊ बोलले नाहीत. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं म्हणतात. इथं बैलांचा गुण मालकांना लागला नाही. पुढे म्हातारपणानं चांद्या गेला, मोऱ्यानं वैरण सोडली आणि तोही महिन्याभरात गेला. काका म्हणाले, जोडी होती तोवर बाभळीच्या बुंध्यावर भावाच्या हातची गाठ तरी सोडायला मिळायची.

हे ऐकून मला रडू आलं. मी डोळ्यांत काहीतरी गेल्याचं नाटक केलं आणि काकांनी तेवढ्या सभ्यपणे ते खरं मानलं.

त्यानंतरच्या थंडीत एका सकाळी मला सुशीलाबाईंचा, म्हणजे पुंडलिकरावांच्या बायकोचा फोन आला. त्यांची लाली नावाची गाय पहाटेपासून अडली होती, टेम्पोत चढवण्यासारखी राहिली नव्हती. फोन ठेवताना त्या कसनुशा आवाजात म्हणाल्या की हे म्हणतात, मॅडम एकट्याच या. मी काकांना सांगितलं. त्यांनी माझी पिशवी भरून दिली, दोर दिले, साबण दिला आणि पायरीवर बसून राहिले. मला बोलावलं नाही, एवढंच म्हणाले.

वासराचे पुढचे पाय आले होते, पण मुंडकं मागे वळलं होतं. मी अर्धा तास झटले. माझा हात पोहोचतच नव्हता, आणि गाय कळ देई तेव्हा दंड चेचला जाई. शेवटी मी हात बाहेर काढला आणि पुंडलिकरावांना स्पष्ट सांगितलं की या गावात हे काम करू शकेल असा हात एकाच माणसाचा आहे. तो बोलवा, नाहीतर गाय जाईल. पुंडलिकराव गाईच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. सुशीलाबाई केव्हाच धावत गेल्या होत्या.

काका आले आणि फाटकापाशी थांबले. चपला काढल्या. सोळा वर्षांत त्या अंगणात त्यांचं पाऊल पडलं नव्हतं. ते भावाकडे बघत नव्हते, गाईकडे बघत होते.

"काय वं लाली, येऊ काय अंदर?"

मग पुंडलिकराव गाईच्या कानाशी वाकले.

"सांग त्याले लाली, दार उघडंच हाये."

पुढचा पाऊण तास मी गाईचं शेपूट धरून उभी होते आणि दोन पन्नाशी ओलांडलेले पुरुष रुसलेल्या नवराबायकोसारखे गाईमार्फत बोलत होते. लाली, गरम पाणी लागेल म्हणावं. लाली, सांग चुलीवर ठेवलं आहे. लाली, दोर धरणाऱ्याला सांग, तू कळ देशील तेव्हाच ओढायचं, तू थांबलीस की त्यानंही थांबायचं. लाली, सांग त्याला, मला कळतं तेवढं. गाय बिचारी अडलेली, आणि वर हा निरोप्याचा धंदा. काकांचा हात खांद्यापर्यंत आत, गाल गाईच्या मांडीला टेकलेला, डोळे मिटलेले. मग ते म्हणाले, नाक सापडलं.

वासरू बाहेर पडलं ते निपचित. दोघंही एकदम खाली बसले, दोघांनी गवताचा बोळा घेतला, एक छाती चोळतोय, एक नाक साफ करतोय, आणि घाईत दोघांची डोकी आपटली. तेवढ्यात वासरू शिंकलं. कालवड होती. पुंडलिकरावांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं, आणि थंडीच्या दिवसांत घाम आल्याची तक्रार गाईकडे केली. नंतर लालीमार्फत चहाचं बोलावणं झालं आणि लालीमार्फतच ते स्वीकारलं गेलं.

परतताना मी काकांवर चिडले. म्हटलं, एवढं झालं, मग सरळ नाव घेऊन हाक मारायला काय झालं? काका चालत राहिले. म्हणाले, मारणार होतो मॅडम, नाही निघाली.

पण त्या दिवसापासून पुंडलिकरावांचा टेम्पो मूर्तिजापूरला गेला नाही. ते रोज सकाळी लालीला घेऊन दवाखान्यात यायला लागले. गाय ठणठणीत. तक्रारीच्या रकान्यात काय लिहायचं हा मला प्रश्न पडे. मी काही दिवस 'तपासणी' लिहिलं, मग 'काही नाही' लिहू लागले. लाली खोड्याबाहेर उभी राहून रवंथ करायची आणि तिच्या दोन बाजूंनी दोघं भाऊ पाऊसपाणी, तुरीवरची अळी, सुनांची बाळंतपणं, सगळं तिला सांगायचे. काका निवृत्त झाले त्या निरोप समारंभाला पुंडलिकराव आत आले नाहीत. बाहेर कडुनिंबाखाली गाय धरून उभे राहिले, भाषणं संपेपर्यंत. काकांच्या भाषणात तीन वाक्यं होती आणि तिन्ही वेळा ते खिडकीकडे बघत होते.

निवृत्तीनंतर मुलानं त्यांना पुण्याला नेलं. महिनाभर राहायचं ठरलं होतं, अकराव्या दिवशी परत आले. मी विचारलं, करमलं नाही का? म्हणाले, सून गुणाची आहे, नातू लाघवी आहे, पण लिफ्टमध्ये माणसं एकमेकांना पाठ लावून उभी राहतात आणि ओळखत नाहीत, ते पाहून मला त्यांच्यात ताप शोधायची सवय लागायला लागली. मग माझी अमरावतीला बदली झाली. जाताना काकांनी मला काही उपदेश केला नाही. नव्या दवाखान्यात पहिले आठ दिवस नुसतं पाहा, एवढंच म्हणाले.

गेल्या महिन्यात कामानं अकोल्याला चालले होते. मूर्तिजापूरच्या पुढे गाडी वळवली. पाच वाजले होते. काकांच्या अंगणात बाजेवर दोघं भाऊ बसलेले, पुंडलिकरावांच्या हातात लालीचं दावं. काकांना आता दवाखाना नव्हता, म्हणून गाय रोज संध्याकाळी त्यांच्या घरी आणावी लागत होती. गाईशिवाय बोलायचं कसं? मला पाहून दोघंही उठले. खुर्ची आली, चहा आला. माझ्याशी दोघंही भरभरून बोलले आणि एकमेकांशी नेहमीसारखे. लाली, इचार मॅडमले, आईची तब्येत कशी हाये. लाली, त्याले सांग, ते त्यानं आताच इचारलं. मी हसत होते आणि मनात कुठंतरी वाईटही वाटत होतं. काका वाळले होते. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू दिसत होता. मला वाटलं, असंच राहणार हे आता, आणि असं तर असं, हेही काही कमी नाही.

लाली म्हातारी झाली आहे, पण तिची ती कालवड आता मोठी गाय झाली आहे. गल्लीतून ढोरं परतत होती. त्यांत लेक दिसल्याबरोबर लाली वळली आणि चालायला लागली. पुंडलिकराव मला हरभऱ्याचं काहीतरी सांगत होते. दावं त्यांच्या सैल मुठीतून सरकलं आणि अंगणातून निघून गेलं. त्यांच्या लक्षात आलं नाही.

मी सांगायला तोंड उघडलं होतं. एवढ्यात काकांनी शेजारी पाहिलं, भावाच्या पुढ्यातला भरलेला पेला पाहिला, आणि घसा साफ केला.

"पुंडलिका, चहा थंडा होऊन राहिला."

पुंडलिकरावांचं बोलणं अर्ध्यावर थांबलं. त्यांनी पेला उचलला.

"पेतो, दादा," ते म्हणाले.

लाली गल्लीच्या टोकाला लेकीची मान चाटत उभी होती. मी कोणाला काही सांगितलं नाही.